हजेरीपटाबाहेरचे दिवस

'सध्या' हा शब्द मराठीत किती निरुपद्रवी दिसतो! सध्या थंडी आहे, सध्या आंबे महाग आहेत, सध्या धाकटीला खोकला आहे. पण तोच शब्द 'सध्या काय करता?' या प्रश्नाच्या आरंभी येऊन बसला, आणि ज्याला विचारायचे तो माणूस नोकरीवाचून घरी असला, की त्या शब्दाला असे काटे फुटतात की सांगता सोय नाही. नोकरीतल्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्याला 'कुठे असता?' म्हणून विचारतात. आपल्या मध्यमवर्गात नोकरी ही जणू राहण्याची जागा आहे. माणूस तिथे 'असतो'. ती सुटली की तो कुठेच नसतो. मग निदान काहीतरी 'करत' तरी असावा, एवढीच लोकांची माफक अपेक्षा.

या प्रश्नाची उत्तरेही ठरलेली आहेत. 'बघतोय' हे पहिल्या महिन्यातले. 'दोन-तीन ठिकाणी बोलणं चाललंय' हे तिसऱ्या महिन्यातले. सहाव्या महिन्यात माणूस 'जरा विश्रांती घेतोय' म्हणतो आणि घाईघाईने रस्ता ओलांडतो. मी ही तिन्ही उत्तरे क्रमवार दिलेली आहेत. परवा आमच्या इमारतीतला एक तरुण, संगणकाच्या कंपनीतून कमी केलेला, मला लिफ्टमध्ये भेटला आणि त्याने न विचारताच पहिले उत्तर देऊन टाकले. हे लिहायला निमित्त तो. प्रत्यक्ष सांगायला गेलो असतो तर बिचारा उद्यापासून जिन्याने ये-जा करू लागला असता.

मी परळच्या एका कापडगिरणीत टाइमकीपर होतो. हे पद आता कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. गिरणीच्या दरवाजाशी एक खोली, खोलीत लांबलचक मस्टरे, आणि तीन पाळ्यांत येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांची हजेरी. कामगारांना मी नावाने कमी आणि तिकीट नंबराने जास्त ओळखत असे. चौदा वर्षे हेच केले. मग १८ जानेवारी १९८२ हा दिवस उजाडला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपाचा इतिहास पुष्कळांनी पुष्कळ बाजूंनी लिहिला आहे. मी त्यात भर घालीत नाही. तो संप रीतसर मागे घेतला गेला असे कधी घडलेच नाही, एवढे म्हटले म्हणजे पुरे. आम्ही कचेरीतली माणसे काही महिने कोऱ्या मस्टरांसमोर बसून होतो. जूनमध्ये गिरणीने आमच्यातल्या अकरा जणांच्या हाती एकेक कागद ठेवला. स्वतःच्या हजेरीची शेवटची ओळ मी स्वतःच आखली.

वय चौतीस. मुली दोन. सौ. चाळीजवळच्या एका बालवाडीत शिकवीत असे. तिला मिळे त्याला पगार म्हणावे की खाऊचे पैसे, हा प्रश्नच होता. माझे फंडाचे पैसे आले ते पोस्टात ठेवले, आणि एक हिशेब घरात कोणी मोठ्याने न बोलता सगळ्यांना पाठ झाला: जपून वापरले तर चौदा महिने.

बेकारीत पैशाची चणचण हाच मोठा जाच, असे लोकांना वाटते. तो आहेच. पण त्याच्याही आधी जाच होतो तो वेळेचा. गिरणगावात भिंतीवर घड्याळ नसले तरी चालत असे, कारण भोंगा होता. भोंग्यावर बायका चूल पेटवीत, पोरे शाळेला निघत, म्हातारे चहाची वाट पाहू लागत. भोंगे थांबले आणि अख्ख्या वस्तीचा दिवस सैल झाला. मला पहाटे साडेपाचला जाग येई ती सवयीने, आणि मग उठायचे कशासाठी हे न सुचून मी आढ्याकडे पाहत पडून राही. दाढीला दहा वाजत. दुपारी निजलो तर रात्री झोप नाही, आणि रात्रीची झोप नाही म्हणून दुपारी निजायचे! शाळेतून आल्यावर बाबा घरी असतात याची मुलींना आरंभी मोठी मौज वाटली. पुढे थोरलीने मैत्रिणींना घरी आणणे बंद केले. तिने कारण सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

सल्ल्यांचा तुटवडा मात्र कधीच पडला नाही. पोस्टातल्या शेजाऱ्यांनी टायपिंग शिकायला सांगितले. एका मावसभावाने विम्याची एजन्सी सुचविली आणि पहिली पॉलिसी मीच घ्यावी असेही सुचविले. कोणी आखातात जा म्हणाले, कोणी उदबत्तीचा घरगुती धंदा सांगितला. माझे मेहुणे बँकेत होते. आणि बँकेतल्या माणसाला त्या काळी उपदेशाचा जणू परवानाच असे. ते एक इंग्रजी पुस्तक वाचून आले होते. "एका कागदावर दोन रकाने पाडा," ते म्हणाले. "एकात तुम्हाला काय येतं ते लिहा, दुसऱ्यात काय आवडतं ते. जे दोन्हीकडे सापडेल तीच तुमची दिशा."

रकाने पाडण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. 'येते'खाली लिहिले: हजेरी मांडणे, आकडेमोड, अक्षर बरे. 'आवडते'खाली लिहिले: कांद्याची भजी, नाट्यसंगीत, रविवार. दोन्हीकडे समान असे काही निघेना. सौ.ने तो कागद शांतपणे वाचला आणि पाठकोऱ्या बाजूवर वाण्याची यादी केली.

मेहुण्यांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण 'तुला काय आवडतं ते आधी शोध' हा सल्ला मला अजूनही पटलेला नाही. आवड ही काही खिशातली किल्ली नव्हे, की चाचपली आणि सापडली. चपलेचा जोड पायात घालून चार पावले चालल्याशिवाय तो चावतो की बसतो हे कळत नाही. कपाटातल्या जोडाकडे कितीही टक लावून पाहिले तरी त्याचा उपयोग नाही. आणि बेकार माणसाला तर लोक दुकानात उभे करून, पाय न घालताच, 'बोला, कुठला आवडला?' असे विचारीत असतात.

शेवटी उपाय सौ.नेच काढला. जुलैतल्या एका सोमवारी तिने माझा डबा भरून दाराशी ठेवला.

"हा कुणासाठी?" मी विचारले.

"तुमच्यासाठी. नऊला निघायचं, साडेपाचला यायचं. कुठं जायचं ते तुम्ही बघा."

"अगं, पण काम कुठाय?"

"ते मला काय ठाऊक? डबा आहे, एवढं खरं."

डबा घेऊन निघालेल्या माणसाला रस्ता निराळा दिसतो. मी चालत दादरला गेलो, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात. १८९८ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेने आजवर किती विद्वान पाहिले असतील कोण जाणे. माझ्यासारखे डबेवालेही पुष्कळ पाहिले असणार. बेकार माणसे एकमेकांना झटकन ओळखतात. वर्तमानपत्र हाती आले की ती पहिले पान ओलांडून थेट 'पाहिजेत'वर जातात आणि बसच्या तिकिटामागे बॉक्स नंबर उतरवून घेतात. मीही उतरवले. तीन महिन्यांत पस्तीस अर्ज केले, चार उत्तरे आली, आणि चारांतल्या तिघांनी माझे नाव 'नोंदवून ठेवले'. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजनेही ते नोंदवलेलेच होते. इतक्या ठिकाणी नोंदलेला माणूस एरवी बडा असामी असायचा!

अर्ज लिहून झाले की दुपार उरे. तेव्हा हाताला येईल ते वाचीत असे. असाच एकदा दादासाहेब फाळक्यांवरचा लेख हाती आला. फाळके तेव्हा चाळिशीला आलेले. पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडलेली. छापखान्याचा धंदा नावारूपाला आणून भागीदारांशी न पटल्यामुळे तोही सोडलेला. अशा मधल्या दिवसांत गिरगावात त्यांनी येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पुढचे आपणा सर्वांना ठाऊक आहे: १९१२ सालची लंडनवारी, सरस्वतीबाईंचे गहाण पडलेले दागिने, आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये लागलेला 'राजा हरिश्चंद्र'. नोकरी गेलेल्यांना धीर द्यायला लोक ही हकिकत सांगतात. मला तिने धीर आला नाही. फाळक्यांना तंबूच्या अंधारात राम आणि कृष्ण दिसू लागले. मला तिकिटाचे पैसे दिसले असते. माझ्या मनात घर करून राहिली ती त्या लेखातली अगदी बारकीशी गोष्ट. लंडनहून कॅमेरा आणल्यावर भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, आणि त्याला कोंब फुटून तो वाढेपर्यंत रोज थोडेथोडे चित्रण केले. राजा नाही, राणी नाही, स्मशान नाही. वाटाणा! रोज सकाळी उठून कुंडीपाशी जायचे, एवढेच काम. उत्साह आधी आणि काम मागून, अशी आपली सर्वांची समजूत असते. हा क्रम उलटा असावा अशी शंका मला त्या वाटाण्याने प्रथम आणली.

माझा वाटाणा मात्र मी पेरलेला नव्हता. तो एक दिवस आपणहून दाराशी आला. आमच्याच मजल्यावर राहणारे एक साचेवाले मामा बिऱ्हाड मोडून राजापूरकडे गावी निघाले होते. त्यांना फंडाचे पैसे काढायचे होते, फॉर्म इंग्रजीत होता, आणि तो भरून देणारा बाहेरचा माणूस वीस रुपये मागत होता. मी पंधरा मिनिटांत भरून दिला. नोकरीला लागल्याची तारीख, खाते, तिकीट नंबर. चौदा वर्षे मी दुसरे लिहिले काय होते? दुसऱ्या दिवशी मामांनी आणखी दोघांना आणले. गणपतीपर्यंत संध्याकाळी आमच्या दारात चपलांची रांग लागू लागली.

फॉर्म भरणे वरवर सोपे. खरी मेख नावात असे. जॉबराने भरतीच्या दिवशी जे सांगितले ते कारकुनाने लिहिले. त्यामुळे कोणाच्या आडनावाच्या जागी गावाचे नाव, कोणाच्या स्वतःच्या नावाच्या जागी बापाचे. रेशनकार्डावरचा माणूस एक आणि मस्टरावरचा दुसरा! बाहेरच्याला हा गुंता सुटेना. मला ठाऊक होते की गिरणीत नाव बदलते, तिकीट नंबर बदलत नाही. नंबराला नंबर जुळवायचा, सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचे, की दोन नावांचा एक माणूस होतो.

ऑक्टोबरात एक बाई आल्या. नवरा दुसऱ्या एका गिरणीत बदली कामगार होता आणि १९८१ साली काविळीने गेला. पदरात दोन मुले. ग्रॅच्युइटीची चौकशी करायला त्या गिरणीत गेल्या, तेव्हा तिथल्या कारकुनाने 'पाच वर्षं पुरी नाहीत, काही मिळत नाही' असे सांगून त्यांना परत पाठवले. त्यांनी बिस्किटांचा एक डबा माझ्यापुढे ठेवला. त्यात नवऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या होत्या, एकूण एक, सालवार दोऱ्याने बांधलेल्या.

"ह्याचा काही उपयोग आहे का, दादा?"

"बघतो, वहिनी," मी म्हणालो. आश्चर्य असे, की हे 'बघतो' मी प्रथमच खरे म्हटले.

फोर्टातून १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचे पातळसे पुस्तक विकत आणले. घरात त्या महिन्यात झालेली ती एकच चैन. कंदिलाखाली वाचावे तसे रात्री वाचीत बसलो. दिवा होता, पण मुली निजलेल्या, म्हणून त्याला कागद गुंडाळलेला. पाच वर्षांची अट त्यात होती खरी. पण माणूस मरण पावला किंवा कायमचा अपंग झाला तर ती अट लागू नाही, हेही तिथेच, पुढच्याच वाक्यात लिहिलेले होते. बदलीवाल्याचा प्रश्न राहिला. वर्षात २४० दिवस भरलेले असले तर ते वर्ष धरायचे. मी चिठ्ठ्या जमिनीवर मांडल्या आणि दिवस मोजू लागलो. पहिले वर्ष २५१. दुसरे २६३. तिसरे २४४, ते मी तीनदा मोजले. चौथे २५८. दोन वाजून गेले होते. सौ. उठून पाणी प्यायला आली आणि खाली पसरलेल्या चिठ्ठ्यांतून वाट काढीत म्हणाली, "गिरणी चालू झाली वाटतं!"

वारसाचा अर्ज केला. दोन महिन्यांनी तेराशे रुपयांचा आकडा कळवणारे पत्र आले. बाई रडल्या, आनंदाने. मी मात्र पेन्सिल घेऊन बसलो. पगार साडेसहाशे. वर्षाला पंधरा दिवसांचे वेतन. त्यांनी महिन्याच्या पगाराला तीसने भागले होते. पण महिन्यात कामाचे दिवस सव्वीस, म्हणून भागायचे ते सव्वीसने, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९८० सालीच लागला होता. साडेसहाशे भागिले सव्वीस, पंचवीस. पंचवीस पंधरे पावणेचारशे. चार वर्षांचे पंधराशे. फरक दोनशे रुपयांचा. "जाऊ द्या दादा, मिळालं ते खूप झालं," बाई म्हणाल्या. मी जाऊ दिले नाही. निकालाचा उल्लेख करून पत्र टाकले, आणि फेब्रुवारीत पंधराशे आले. त्या दिवशी बाईंनी नारळ आणला आणि जाताना सहज विचारले, "दादा, तुमचं हापिस कुठंशी आहे? आमच्या गल्लीत आणखी दोघीजणी आहेत."

तोवर मी कोणाकडून पैसे घेत नव्हतो. ते सौ.ला पसंत नव्हते. "अहो, डॉक्टर घेतो, वकील घेतो, देवळातला गुरव घेतो. तुम्ही कोण लागून गेलात?" मग एका फॉर्मचे पाच रुपये ठरले, ज्याला जमत नसेल त्याला माफ. पहिली पाचाची नोट घेताना हात अवघडला. पगार कोणा एका माणसाच्या खिशातून आला असे वाटत नाही. तो पावसासारखा वरून पडतो. ही नोट मात्र समोरच्याने बंडीच्या आतल्या खिशातून काढलेली, घामाने ओलसर झालेली होती. ती घेतल्यावर कामात चूक ठेवायची सोयच उरत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. 'झालं ते बऱ्यासाठीच' असे पुढे मला अनेकांनी ऐकवले. मला ते ऐकवत नाही. माझ्यासमोर बसून ज्यांनी फॉर्म भरून घेतले, त्यांतले कितीतरी उत्तम विणकर पुढे कुठल्यातरी इमारतीच्या दाराशी रखवालदार म्हणून बसले. काहींनी भाजीची पाटी घेतली, काही गावी जाऊन पाच गुंठ्यांवर राबले, काहींना दारूने नेले. त्यांच्या हातात माझ्यापेक्षा अधिक कसब होते. पण साचा चालवण्याच्या कसबाला साचा लागतो. माझ्या कसबाला पेन पुरे होते. एवढाच तो फरक, आणि तो मी काही कमावलेला नव्हे.

पुढे फॉर्म भरून गेलेल्यांपैकी एकाला शिवडीच्या एका लहान कारखान्यात काम लागले. नटबोल्टांचा कारखाना, माणसे बावीस. वीस माणसे झाली की फंडाचा कायदा लागू, हे मालकाला इन्स्पेक्टर येऊन गेल्यावर कळले. ना धड मस्टर, ना पगारपट. पूर्णवेळ टाइमकीपर ठेवणे त्याला परवडण्यासारखे नव्हते. आमच्या माणसाने माझे नाव सांगितले. महिन्यातून दोन दिवस जायचे, शंभर रुपये घ्यायचे. मुंबईत असे कारखाने शेकड्यांनी होते, प्रत्येकाला टाइमकीपर हवा होता आणि कोणालाच अख्खा नको होता! १९८३ संपता संपता माझ्याकडे पाच कारखाने झाले. सगळे मिळून, फॉर्मांचे धरून, सहाशेच्या आसपास. गिरणीत मला साडेनऊशे होते. पोस्टातले पैसे चौदाऐवजी अठरा महिने पुरले आणि संपले.

नेमक्या त्याच वेळी, १९८४ च्या जानेवारीत, ठाण्याकडच्या एका रसायनांच्या कंपनीचे पत्र आले. वाचनालयात बसून लिहिलेल्या त्या पस्तीस अर्जांपैकी एक कोणाच्या तरी फायलीत दीड वर्ष झोपून जागा झाला होता. टाइमकीपर, कायम, अकराशे रुपये, फंड, बोनस, औषधपाणी. १ मार्चला रुजू व्हावे. मेहुणे पेढे घेऊनच आले.

आठ दिवस ते पत्र देवामागे ठेवलेले होते. सौ. बाजूने बोलली नाही, विरुद्धही बोलली नाही. एका रात्री वही घेऊन तिने दोन्हीकडचे आकडे मांडले, आणि कारखान्यांची बाजू पाचशे रुपयांनी कमी पडली. "पाचशे म्हणजे फार झाले," ती म्हणाली. मी म्हटले, "फार आहेत." पुढे कोणी बोलले नाही. तेवढ्यात थोरली एका मैत्रिणीला घेऊन दारात उभी राहिली, आणि मैत्रिणीमागे एक संकोचलेले गृहस्थ. "बाबा, हिचे बाबा आलेत," ती म्हणाली. "त्यांचं नाव मस्टरात चुकलंय. मी सांगितलं तुम्ही करता म्हणून." सौ.ने वही मिटली आणि चहाचे आधण ठेवले.

१ मार्चला मी शिवडीला होतो. फेब्रुवारीचा पगारपट लावायचा राहिला होता, आणि बावीसपैकी दोघांच्या ओव्हरटाइमचे तास जुळत नव्हते.